काळजी वाटते, काळजी करू नका, काळजी घ्या : इंग्रजीतून काळजी व्यक्त करताना

ऐरोलीच्या एका कंपनीत नुकतीच रुजू झालेली माझी एक विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी रडवेल्या चेहऱ्याने शिकवणीला आली होती. कामाचा एक टप्पा ठरलेल्या तारखेला पुरा होईल की नाही, याची तिला धाकधूक होती आणि ती तिने लंडनमधल्या सहकाऱ्याला 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर वर्क' अशा शब्दांत कळवली होती. आपल्याकडे वर्गात हात वर करून 'सर, डाउट आहे' म्हणणारा मुलगा केवळ प्रश्न विचारत असतो. इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसाला मात्र त्या वाक्यात 'तुमच्या कामाबद्दल मला शंका आहे' एवढेच ऐकू येते. समोरून आलेले उत्तर सभ्य होते, पण कोरडे होते. तिच्या व्याकरणात काहीही चुकलेले नव्हते. चुकला होता तो शब्द, आणि काळजीच्या बाबतीत एक शब्द चुकला की ती काळजी न राहता आरोप होते.

नौपाड्यातल्या माझ्या शिकवणीत मराठी माध्यमातून शिकलेले तरुण, गृहिणी आणि मुले परदेशी गेलेले आजीआजोबा असे सगळेच येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना इंग्रजी वाचलेले समजते, स्टेशनवरच्या सूचना कळतात, बँकेचा अर्ज भरता येतो. परंतु मनातली चिंता इंग्रजीत सांगायची वेळ आली की जीभ अडखळते. त्या नवशिक्यांसाठी हा लेख आहे. इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत, ती मोठ्याने म्हणत वाचावीत.

पहिली पायरी : आधी मराठी क्रियापद पाहावे

आपली 'काळजी' मोठी कामसू आहे. 'मला त्याची काळजी वाटते', 'तू काळजी करू नकोस' आणि 'तब्येतीची काळजी घे' या तिन्ही वाक्यांत नाम एकच आहे. अर्थ बदलतो तो पुढच्या क्रियापदामुळे. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे मूळ शब्दच बदलावा लागतो, आणि आपल्या डोक्यात 'काळजी' हा एकच शब्द असल्यामुळे आपण चुकीच्या खणात हात घालतो. म्हणून इंग्रजी शब्द शोधण्यापूर्वी आपल्याला काळजी वाटते आहे, ती कोणी करू नये असे म्हणायचे आहे, की कोणी ती घ्यावी असे सांगायचे आहे, हे मनाशी ठरवावे. वाटत असेल तर 'आय ॲम वरीड'. करू नका म्हणायचे असेल तर 'प्लीज डोन्ट वरी'. घ्या म्हणायचे असेल तर 'टेक केअर' किंवा, निरोपाचे शब्द नको असतील तर, 'लुक आफ्टर युअरसेल्फ'.

हे खण उलटेसुलटे झाले की काय होते, याचे एकच उदाहरण पुरे आहे. 'माझा मुलगा हुशार आहे, मला त्याच्या परीक्षेची काळजी नाही' असे सांगायचे असताना एका गृहस्थांनी मुलाखतीत 'आय डोन्ट केअर अबाउट हिज एक्झाम' असे सांगून टाकले. त्याचा अर्थ 'त्याच्या परीक्षेशी मला काही देणेघेणे नाही' असा होतो, आणि शाळेच्या प्रवेशासाठी आलेल्या वडिलांच्या तोंडी हे वाक्य कसे दिसले असेल, याची कल्पना करता येईल. तिथे 'आय ॲम नॉट वरीड अबाउट हिज एक्झाम' हवे होते. 'आय डोन्ट केअर' हे वाक्य नवशिक्याने सध्या विसरून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते वापरण्याची गरज वर्षातून एकदाही पडत नाही.

दुसरी पायरी : वाक्याचा सांगाडा

मराठीत काळजी 'मला' वाटते, म्हणजे ती बाहेरून येऊन माझ्यापाशी थांबते. इंग्रजीत ती 'मी'च होऊन बसते : 'आय ॲम वरीड'. या फरकामुळे सुरुवातीला 'टू मी वरी इज देअर' यांसारखी वाक्ये तयार होतात. ती ऐकणाऱ्याला समजतात, पण त्यांवर पुढे काही उभे राहत नाही. म्हणून 'आय ॲम वरीड' हे तीन शब्द एकच शब्द असल्यासारखे तोंडात बसवावेत आणि त्यातला शेवटचा 'ड' गिळू नये. 'आय ॲम वरी' असे म्हटले, तर मला तरी एकादशीच्या वरीच्या तांदळाची आठवण होते.

या तीन शब्दांनंतर दोन वाटा फुटतात. काळजीचा विषय एखादी व्यक्ती किंवा वस्तू असेल, तर 'अबाउट' घालावे : 'आय ॲम वरीड अबाउट माय मदर', 'आय ॲम वरीड अबाउट द फीज'. काळजी एखाद्या घटनेची असेल, म्हणजे मराठीत आपण 'असे होईल अशी' म्हणत असू, तर 'दॅट' घालून पूर्ण वाक्य जोडावे : 'आय ॲम वरीड दॅट वी विल मिस द ट्रेन'. मराठीतल्या 'आईची काळजी' या षष्ठीमुळे हात आपोआप 'ऑफ'कडे जातो आणि 'वरीड ऑफ माय मदर' तयार होते. 'ऑफ' शोभते ते 'अफ्रेड'पुढे, म्हणजे भीतीपुढे. 'अफ्रेड ऑफ माय मदर' म्हणजे आईचा धाक वाटतो. काही घरांत दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, तरी वाक्ये वेगळी ठेवावीत.

याच ठिकाणी 'वरीड' आणि 'वरीइंग' यांची गल्लत होते. ज्याला काळजी वाटते तो 'वरीड', आणि जी गोष्ट काळजी वाटायला लावते ती 'वरीइंग'. 'द रिपोर्ट इज वरीइंग' म्हणजे रिपोर्ट काळजी करण्यासारखा आहे, आणि तो वाचून 'आय ॲम वरीड'. 'द रिपोर्ट इज वरीड' असे म्हटले, तर रिपोर्टच बिचारा चिंतेत पडतो.

तिसरी पायरी : मात्रा ठरवणे

'जरा काळजी वाटते' आणि 'जिवाला घोर लागला आहे' यांत जेवढे अंतर आहे, तेवढे इंग्रजीतही ठेवता आले पाहिजे. सर्वांत हलकी मात्रा 'अ बिट' या शब्दांनी येते : 'आय ॲम अ बिट वरीड'. त्याच्या वर 'क्वाइट', मग 'रिअली' किंवा 'व्हेरी'. घोर लागणे, जिवाचे पाणी होणे यांच्या जवळ जाणारा प्रयोग म्हणजे 'वरीड सिक'. पावसाळ्याच्या एखाद्या संध्याकाळी रुळांवर पाणी साचून गाड्या खोळंबल्या, मुलीचा फोन लागेना, आणि ती रात्री अकराला भिजून दारात उभी राहिली, तर आई म्हणेल, 'व्हेअर वेअर यू? आय वॉज वरीड सिक!' हा प्रयोग घरातला आहे, कार्यालयात वापरू नये.

मराठीत आपण जीव टांगणीला लागला असे म्हणतो. इंग्रजीत त्याच प्रसंगी 'ऑन टेंटरहुक्स' असा एक जुना प्रयोग आहे. लोकरी कापड विणून धुतल्यावर ते आकसू नये म्हणून लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून बसवत. त्या आकड्यांचे हे नाव. निकालाची वाट पाहणाऱ्याला एका भाषेने टांगले आणि दुसरीने ताणून धरले, हे मला फार आवडते. नवशिक्याने मात्र तो प्रयोग वाचताना ओळखावा, बोलण्यात आणण्याची घाई करू नये.

एक सावधगिरी. ब्रिटिश सहकारी अनेकदा गोष्टी कमी करून बोलतात. त्यांच्यापैकी कोणी 'आय ॲम अ लिटल कन्सर्न्ड' असे लिहिले, तर 'थोडीशीच काळजी आहे ना' असे समजून फाइल बाजूला ठेवू नये. त्याच दिवशी फोन करावा.

कार्यालयात : 'वरीड' की 'कन्सर्न्ड'

'वरीड' मनातून येतो, 'कन्सर्न्ड' टेबलावर ठेवता येतो. वाशी, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कोणत्याही कार्यालयात बैठकीत बोलताना दुसरा शब्द अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात जबाबदारी दिसते, घबराट दिसत नाही. सुरुवातीला ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख केला, तिला आम्ही नंतर असे वाक्य बसवून दिले : 'आय ॲम अ बिट कन्सर्न्ड अबाउट द डेडलाइन. कुड वी टॉक अबाउट इट टुडे?' या वाक्यात 'युअर' कुठेही नाही, ही गोष्ट लक्षात घ्यावी. काळजी तारखेबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. शिवाय काळजी सांगून ती तिथेच सोडून न देता लगेच पुढचे पाऊल सुचवले आहे. बैठकीत हरकत घ्यायची असेल, तर 'माय ओन्ली कन्सर्न इज द कॉस्ट' असेही म्हणता येते. त्यातून बाकी सगळे मान्य आहे, असा निरोप आपोआप जातो.

'कन्सर्न' या शब्दाला मात्र दोन तोंडे आहेत, काळजी आणि संबंध. आपल्या सरकारी पत्रव्यवहारात 'कन्सर्न्ड पर्सन' म्हणजे संबंधित व्यक्ती, आणि ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कोणत्याही कचेरीत हा प्रयोग खपून जातो. परदेशी वाचकाला तो 'चिंताग्रस्त व्यक्ती' असा वाटू शकतो. संबंधित व्यक्तीसाठी तो क्रम उलटा करून 'द पर्सन कन्सर्न्ड' लिहितो. 'कन्सर्न्ड अबाउट' म्हणजे काळजी, 'कन्सर्न्ड विथ' म्हणजे एखाद्या विषयाशी संबंध असणे. एवढे एक शब्दयोगी अव्यय सांभाळले की पुष्कळ गैरसमज टळतात.

'टेन्शन'विषयी मला अनेकदा विचारले जाते. 'टेन्शन घेऊ नकोस' हे आता अस्सल मराठी वाक्य झाले आहे आणि त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण ते उलटे इंग्रजीत नेऊन 'डोन्ट टेक टेन्शन' केले, तर भारताबाहेरचा माणूस गोंधळतो. त्याच्यासाठी टेन्शन म्हणजे दोरीतला, स्नायूंतला किंवा दोन पक्षांमधला ताण. 'देअर वॉज टेन्शन इन द मीटिंग' म्हणजे बैठकीत वातावरण तापले होते. स्वतःच्या मनाविषयी बोलताना 'आय ॲम स्ट्रेस्ड' म्हणावे. 'अँक्शस' हाही शब्द चालतो. मात्र 'अँक्शस टू मीट यू' म्हटले की त्यात काळजीपेक्षा उत्सुकता अधिक असते. 'अँग्झायटी' हे त्याचे नाम डॉक्टरांच्या भाषेत आजाराच्या अर्थानेही येते, म्हणून ते गमतीने वापरू नये. आणि काळजीने खरोखरच झोप आणि भूक उडाली असेल, तर त्यावर इंग्रजी हा उपाय नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

दुसऱ्याची विचारपूस

स्वतःची काळजी सांगण्यापेक्षा दुसऱ्याची विचारपूस करणे अधिक नाजूक असते. आपण 'काय झालं?' असे सहज विचारतो, त्याचे शब्दशः 'व्हॉट हॅपन्ड?' होते, आणि काहीच घडलेले नसेल तर समोरचा चमकतो. एखादा सहकारी गप्प दिसला, तर 'इज एव्हरीथिंग ओके?' हा सर्वांत सुरक्षित प्रश्न आहे. 'व्हॉट्स राँग?' हेही मायेने विचारता येते; परंतु त्याच्या शेपटीला 'विथ यू' जोडले की 'व्हॉट्स राँग विथ यू?' म्हणजे 'तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?' असा सूर लागतो. दोन शब्दांनी विचारपुशीचे भांडण होते. इंग्लंडमध्ये कोणी 'यू ऑल राइट?' असे म्हटले, तर त्याला आपली काळजी वाटते असे समजून गुडघेदुखीपासून सुरुवात करू नये. तो केवळ नमस्कार असतो.

आपली काळजी व्यक्त करण्याची काही वाक्ये मुळात भाषांतर न करण्याजोगी आहेत. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या भाच्याला मामी 'किती वाळलास रे' म्हणते, त्यात माया असते. 'यू हॅव बिकम सो थिन' यात ती उरत नाही, आणि अनेकांना स्वतःच्या शरीराविषयीचा असा शेरा आवडत नाही. 'जेवलास का?' हा प्रश्न तर आपल्याकडे काळजीचा पहिला शब्द आहे. इंग्रजीत 'हॅव यू ईटन?' विचारले, तर ऐकणाऱ्याला ते जेवणाचे आमंत्रण वाटू शकते आणि तो घड्याळाकडे पाहतो. सल्ला देण्याची सवयही जरा आवरावी लागते. सर्दी झालेल्याला 'यू मस्ट टेक टर्मरिक मिल्क' असा हुकूम सोडण्याऐवजी 'हॅव यू सीन अ डॉक्टर?' असे विचारावे. हळदीचे दूध मागाहून, 'माय मदर गिव्ह्ज अस...' अशी सुरुवात करून सांगता येते.

घरी पोचल्याचा निरोप हा खास आपल्या रेल्वेच्या जगण्यातला विषय आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने निघालेली मैत्रीण घणसोलीला उतरली की 'रीच्ड' एवढाच संदेश पाठवते, आणि आपल्याला तो पुरतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या बोलण्यात 'रीच' या क्रियापदाला पुढे ठिकाण लागते, म्हणून ते 'आय ॲम होम' किंवा 'गॉट होम सेफ' असे कळवतात. निघताना काळजीने सांगायचे असेल, तर 'टेक्स्ट मी व्हेन यू गेट होम' म्हणावे. आपसांत 'रीच्ड' चालू ठेवायला काहीच हरकत नाही.

दवाखान्यात

ठाण्यातला बहुतेक कोणताही डॉक्टर मराठी समजतो, आणि घाबरलेल्या माणसाने आजाराविषयी मराठीतच बोलावे, असे मी आग्रहाने सांगतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ फिरवतानाही हेच लागू आहे. प्रश्न येतो तो मुलाकडे परदेशी गेल्यावर. तिथे काळजीची मात्रा कमी करून सांगण्याची सवय पूर्णपणे सोडावी. अमेरिकेत ९११ किंवा इंग्लंडमध्ये ९९९ लावल्यावर 'आय ॲम अ बिट वरीड' म्हणायचे नसते. 'आय नीड ॲन ॲम्ब्युलन्स' हे पहिले वाक्य, पत्ता हे दुसरे, आणि 'माय हजबंड कान्ट ब्रीद' यासारखे नेमके लक्षण हे तिसरे.

साध्या भेटीत डॉक्टरांना काळजी आणि काळ दोन्ही सांगावे : 'आय ॲम वरीड अबाउट हिज कफ. ही हॅज हॅड इट फॉर टेन डेज.' दिवस मोजून सांगताना 'फॉर', आणि सुरुवातीचा दिवस सांगताना 'सिन्स'. पोट 'पेनिंग' होत नाही, 'हर्टिंग' होते. सगळे ऐकून घेतल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा, 'शुड आय बी वरीड?' या चार शब्दांना डॉक्टर सहसा सरळ उत्तर देतात. त्यांनी 'आय ॲम अफ्रेड...' अशी सुरुवात केली, तर ते घाबरलेले नसतात. 'सांगायला वाईट वाटते, पण' असा त्याचा अर्थ असतो. 'आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज आउट' हे वाक्य स्वागतकक्षात रोज ऐकू येते आणि त्यात भीतीचा लवलेशही नसतो.

सराव आणि उत्तर

ठाण्याहून वाशीला जायला गाडीने साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात मोबाइलवर तीन वाक्ये लिहावीत : एक वाटण्याचे, एक न करण्याचे, एक घेण्याचे. विषय स्वतःच्याच घरातले घ्यावेत, कारण खोट्या काळजीचे वाक्य लक्षात राहत नाही. कोणी आपली विचारपूस केली, तर 'थँक यू फॉर आस्किंग' पुरेसे आहे. पुस्तकांतून येणारे 'आय ॲप्रिशिएट युअर कन्सर्न' लेखी ठीक दिसते, बोलताना मात्र 'तुमची काळजी तुमच्याजवळ ठेवा' असे ऐकू येण्याचा धोका असतो. चांगली बातमी कळून जिवात जीव आला, तर 'व्हॉट अ रिलीफ!'

शिकवणीत येणाऱ्या एका आजींची आयर्लंडमधली सून पहिल्यांदा गरोदर होती. तिला मराठी येत नव्हते. आजींना दर दोन दिवसांनी 'तुझी फार काळजी वाटते' असे लिहावेसे वाटे, आणि 'आय ॲम वरीड अबाउट यू' वाचून ती पोर घाबरेल, हे मी त्यांना सांगितले, कारण त्या वाक्यात काहीतरी बिघडल्याचा वास असतो. आपल्या 'काळजी'त आठवणही असते, इंग्रजी 'वरी'त ती नसते. शेवटी आम्ही कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर 'आय हॅव बीन थिंकिंग ऑफ यू. हाऊ आर यू फीलिंग?' अशी दोन वाक्ये लिहिली आणि आजींनी ती एका बोटाने मोबाइलवर उतरवली. सुनेचे उत्तर तासाभरात आले. मुलाने तिला काय शिकवले होते कोण जाणे, पण शेवटी तिने 'आई, हॅव यू ईटन?' असे विचारले होते, आणि त्यावर काय लिहायचे ते विचारण्यासाठी आजींनी मला रात्री साडेनऊला फोन केला. 'येस, आय हॅव. ॲन्ड यू?' एवढे लिहायला मी सांगितले.